लघवीच्या तक्रारीची लाज नको



पुरुषांच्या मूत्राशयाखाली प्रोस्टेट ग्रंथी असते. उतारवयात ती वाढून लघवी अडते. बहुधा तो कर्करोग नसतो. परंतु कर्करोग सुरुवातीला त्रास न देताही वाढतो. साध्या लघवी तपासणीत तो कळत नाही. रक्ताच्या पी.एस.ए. तपासणीत आकडा वाढला तरी निदान पक्के होत नाही. कर्करोगपेशींच्या काही खुणा लघवीत उतरतात; त्या ओळखणाऱ्या पीसीए-३ चाचणीला अमेरिकेत २०१२ साली मान्यता मिळाली. सुईने पुन्हा तुकडा काढावा की नाही, हे ठरविण्यास तिची मदत होते. अखेरचा निर्णय तुकड्याच्या तपासणीनेच होतो. वडीलधारे संकोचाने बोलत नाहीत. मुलांनो, तुम्हीच अब्बांना विचारा, बार्शीटाकळीहून अकोल्याच्या सरकारी रुग्णालयात त्यांच्यासोबत जा. तीही सेवाच आहे.