जिवाणी : घेतलेल्या पाण्याचा परतावा

(सुवर्णमहोत्सवी सोहळ्यातील भाषण)



पूर्वी गावात जैन घराची ओळख दोन गोष्टींवरून पटत असे : सूर्यास्तापूर्वीचे भोजन आणि गाळून घेतलेले पाणी. पहिलीविषयी पुष्कळ बोलले जाते. दुसरीचा अर्धा भाग मात्र नव्या पिढीच्या स्मरणातून गेला आहे.

पाणी गाळण्यासाठी ३६ अंगुळे लांब व २४ अंगुळे रुंद असे जाड सुती वस्त्र दुहेरी करून घ्यावे, हा परंपरेचा दंडक. पण गाळणे हे निम्मेच काम. वस्त्रावर राहिलेले सूक्ष्म जीव गाळलेल्याच पाण्याने हलके धुऊन ते पाणी ज्या विहिरीतून आणले त्याच विहिरीत पोचवायचे असते, हीच जिवाणी. उंचावरून ओतल्यास जीव दगावतील, म्हणून बुडाशी कडी असलेली बादली दोराने थेट पाण्यापर्यंत सोडीत आणि तेथे ती अलगद कलती करीत. गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे. त्यानंतर पुन्हा गाळायचे. इतके सायास पडत असता कोणती गृहिणी गरजेपेक्षा एक तांब्या अधिक उपसणार? संयम हा उपदेशाने येत नसे, तो त्या रीतीतच विणलेला होता.

नळ आले आणि माता-भगिनींच्या डोक्यावरचा हंडा उतरला, हे इष्टच झाले. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. परंतु नळाच्या तोंडाला फडके बांधता येते, जिवाणी काही नळातून परत पाठवता येत नाही. आज नागपूरची तहान मुख्यतः पेंच प्रकल्प व कन्हान नदी भागवतात. ती किती परावलंबी आहे याचा प्रत्यय २०१९ मध्ये आला. पाऊस लांबला, मध्य प्रदेशातील चौराई धरणामुळे पेंचचा येवाही घटला होता, तोतलाडोहचा साठा तळाशी गेला आणि जुलैत शहराला एक दिवसाआड पाणी घ्यावे लागले.

आता परताव्याची बाजू पाहू. ज्या नाग नदीवरून या नगराला नाव मिळाले असे सांगतात, तिच्यात शहराचे सांडपाणी उतरते. नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि तो सर्व मळ गोसीखुर्दच्या जलाशयाकडे जातो. त्या काठची गावे, तेथील मासेमारी करणारी कुटुंबे यांच्या पदरी नागपूरची ही जिवाणी पडते! न्यायासाठी हेही नोंदवले पाहिजे की भांडेवाडी येथे सांडपाणी शुद्ध करून ते कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला देण्याची योजना महानगरपालिकेने उभी केली. दररोज १३ कोटी लिटरची ती योजना होती. घेतलेले पाणी पुन्हा उपयोगी लावण्याचे हे देशातील आरंभीच्या मोठ्या उदाहरणांपैकी एक.

महानगरपालिकेने करायचे ते तिने करावे, श्रावकाचे काय? आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले. त्यांतील प्रमादचर्येत विनाकारण पाणी सांडणे स्पष्टपणे येते. गरजेपोटी होणारी हिंसा गृहस्थाला सर्वस्वी टळत नाही, पण प्रयोजनाशिवाय केलेल्या हिंसेला सबब नाही. श्वेतांबर परंपरेतील चौदा नियमांत तर वस्त्र व स्नान यांचीही रोज मोजदाद आहे. सकाळी मर्यादा ठरवायची, सायंकाळी ताळा पाहायचा. रोजमेळ लिहिणाऱ्या समाजाला याहून सोपी साधना कोणती?

तरीही शुद्धतेच्या नावाखाली बसवलेले घरगुती आरओ यंत्र एक लिटर पाण्यामागे बहुधा दोन-तीन लिटर मोरीत सोडते. ते बादलीत धरून फरशी पुसण्यास किंवा शौचालयास वापरता येते. लग्नाच्या पंगतीत अर्धवट प्यालेल्या बाटल्यांचा ढीग पडतो, त्यातील पाणी पितेही कोणी नाही आणि परतही जात नाही. कापडाचे तेच. ज्या सुती वस्त्राने जीव वाचवायचे, त्याची जागा पेठेत पॉलिएस्टरने घेतली आहे. ते प्रत्येक धुण्यात न कुजणारे बारीक तंतू सोडते आणि तेही शेवटी नाल्यालाच लागतात. स्वस्त म्हणून घेतलेल्या, दोनदा नेसून टाकलेल्या साडीची खरी किंमत पावतीवर नसते. आचार्य श्री विद्यासागरजी महाराजांनी (समाधी १८ फेब्रुवारी २०२४, डोंगरगड) हातमागाला प्रोत्साहन दिले, त्यामागे अहिंसक उपजीविकेचा विचार होता. समाजाने त्याचे दर्शन पुष्कळ घेतले, खरेदी त्या मानाने थोडी केली.

शेवटी एक हिशेब. नागपुरात वर्षाकाठी सरासरी सुमारे १,१०० मिलिमीटर पाऊस पडतो. २,००० चौरस फूट, म्हणजे सुमारे १८६ चौरस मीटर, छतावर वर्षभरात दोन लाख लिटर पाणी उतरते. पाचवा भाग वाया गेला असे धरले तरी एक लाख साठ हजार लिटर उरते. ट्रस्टच्या वास्तूच्या छतावरील पाणी आज पन्हाळीतून रस्त्यावर जाते. ते गाळून बोअरवेलजवळच्या शोषखड्ड्यात सोडल्यास, ज्या भूगर्भातून वास्तूसाठी पाणी उपसले जाते तेथेच काही अंशी परत जाईल. विश्वस्त मंडळाने येत्या पावसाळ्यापूर्वी हे काम हाती घ्यावे आणि पुढील वार्षिक सभेत जमाखर्चासोबत पाण्याचाही हिशेब मांडावा, ही नम्र विनंती.

जय जिनेंद्र.