मेंदूपर्यंतची वाट



सिद्धरामेश्वरांच्या नगरीत, डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या जन्मगावी सोलापुरात भरलेल्या रेबीजवरच्या या परिषदेत माणसांचे आणि जनावरांचे डॉक्टर शेजारी बसले आहेत, याचा मला विशेष आनंद आहे.

गड्डा यात्रेतल्या जनावरांच्या बाजारात खिलार बैल पारखणारा आपला जिल्हा. आपली माणसे पिसाळलेले कुत्रेही ओळखतात. रेबीज झालेली गाय-म्हैस मात्र अंगावर धावून येईलच असे नाही. ती वैरण सोडते, लाळ गाळते, घोगऱ्या आवाजात हंबरत राहते, मागचे पाय लटपटतात. घशात काही अडकले असेल म्हणून मालक जबड्यात हात घालतो. लाळेत विषाणू असतो, आणि कष्टकऱ्याच्या हाताला कुठेतरी खरचटलेले असतेच.

हा विषाणू रक्तातून पसरत नाही. तो आधी बहुधा चाव्याजवळच्या स्नायूत वाढतो, मग मज्जातंतूच्या टोकातून आत शिरतो. पेशीची स्वतःचीच वाहतूक यंत्रणा त्याला कण्याकडे आणि पुढे मेंदूकडे नेते. मेंदूतून मज्जातंतूंच्याच वाटेने तो लाळग्रंथींत उतरतो. लक्षणे दिसायला साधारण एक ते तीन महिने लागतात. चावा चेहऱ्यावर असेल तर वाट आखूड. लक्षणे दिसल्यावर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून जे करायचे ते विषाणू वाटेत असतानाच: साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुणे, त्याच दिवशी लस, आणि रक्त आले असेल तर जखमेत रेबीजविरोधी सीरमही.

तरीही जखमेवर चुना, मिरचीपूड लावली जाते. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती अजून घराघरांत आहे, आणि ती निराधार नव्हती. डेव्हिड सेंपल यांनी 1911 मध्ये कसौलीला तयार केलेली ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची. तिच्यातल्या मज्जाद्रव्याने क्वचित लकवाही होई. 2004 नंतर ती आपल्याकडे बंद झाली. आता दंडात, 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी कातडीत लस टोचतात. हे प्रत्येक वाडीवस्तीवर मोठ्याने सांगायला हवे.

माणसांना लस देण्याबरोबरच रोग कुत्र्यांतच रोखता येतो: शेजारच्या गोव्याने घरोघर, गल्लोगल्ली कुत्र्यांना लस टोचली आणि 2021 मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाले. आपल्यालाही ते जमेल, असा माझा विश्वास आहे.

माझी एकच विनंती आहे. गोठ्यात रेबीजची शंका येताच पशुवैद्यकाने त्याच संध्याकाळी आरोग्य केंद्राला कळवावे, आणि त्या जनावराच्या लाळेशी संबंध आलेल्या प्रत्येकाला आशाताईंनी लसीपर्यंत न्यावे. ही साखळी आपल्या तालुक्यांत कशी बांधायची, ते दुपारच्या सत्रात ठरवू या. त्या चर्चेत पहिला शब्द पशुवैद्यकांचा असावा.