पलटणीतून परत: प्रश्न नोकरीचा आणि शब्दांचा



सैन्यातून बाहेर पडून नागरी नोकरीत शिरणाऱ्या माणसाविषयी मी या व्याख्यानमालेत बोलणार आहे, हे कळल्यावर एकदोन स्नेह्यांनी विचारले, ‘यात साहित्याचा संबंध काय?’ प्रश्न रास्त आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: परत आलेल्या सैनिकाची अडचण जितकी नोकरीची असते, तितकीच शब्दांची असते. त्याच्याजवळ काम असते, कसब असते, पण ते नागरी जगाला कळेल अशा शब्दांत सांगता येत नाही. शब्दांची अडचण असेल तर ती आपल्यासारख्या संस्थेच्या दारात येणारच.

आणि ती बेळगावात तर यायलाच हवी. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र शंभर वर्षांहून अधिक काळ आपल्या गावात आहे. या रेजिमेंटच्या सर्वांत जुन्या पलटणीची उभारणी १७६८ सालची. खानापूर, निपाणी, चंदगड, गडहिंग्लज या पट्ट्यात घरटी नाही तरी गल्लीत एक तरी पलटणीचा माणूस सापडतो. जाणाऱ्या मुलांना आपण हार घालतो, हुतात्म्यांना मानवंदना देतो. जो धडधाकट परत येतो, त्याचे पुढे काय होते, याकडे मात्र आपले फारसे लक्ष नसते.

आधी थोडा हिशेब मांडू. मुलगा अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी भरती होतो. शिपायाला पेन्शनसाठी किमान १५ वर्षे सेवा लागते आणि पद जसे वाढेल तशी सेवेची मुदत वाढते. म्हणजे पुष्कळ जवान पस्तिशी ते चाळिशीच्या दरम्यान घरी येतात. हवालदार, सुभेदार थोडे उशिरा येतात. देशभरात वर्षाला सुमारे साठ हजार माणसे अशी तिन्ही दलांतून बाहेर पडतात. आपण त्यांना ‘निवृत्त’ म्हणतो. या शब्दात काम संपल्याची, हात जोडून बसण्याची छटा आहे. ज्याचा मुलगा चौथीत आणि मुलगी पहिलीत आहे, तो निवृत्त कसा? गाव त्याला ‘मेजर’ म्हणते, बँक ‘पेन्शनर’ म्हणते, सरकार ‘माजी सैनिक’ म्हणते. मेजर हा हुद्दा त्याचा नव्हताच, आणि उरलेले दोन शब्द मागे बघणारे आहेत. त्याच्या पुढच्या पंचवीस वर्षांसाठी आपल्याकडे शब्दच नाही.

मूळ पेन्शन साधारणपणे अखेरच्या पगाराच्या निम्मी बसते. तिचा अर्धा भाग आगाऊ एकरकमी घेता येतो. गावाकडे याला ‘पेन्शन विकणे’ म्हणतात. त्या रकमेतून घर उभे राहते, बोअर पडते, बहिणीचे लग्न होते. दोनतीन वर्षांत पैसा संपतो आणि मग हा माणूस एखाद्या एटीएमच्या किंवा कारखान्याच्या दाराशी निळ्या गणवेशात उभा दिसतो. त्या कामात कमीपणा काही नाही. पण सतरा वर्षे सेवा केलेल्या प्रत्येकाला समाजाने एकच काम नेमून द्यावे, यात काहीतरी चुकते आहे.

सवलती नाहीत असे नाही. केंद्र सरकारच्या ‘क’ गटात माजी सैनिकांसाठी दहा टक्के जागा राखीव आहेत, केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांत त्याच गटात साडेचौदा टक्के. मॅट्रिक असून १५ वर्षे सेवा केलेला सैनिक, जिथे तांत्रिक अनुभवाची अट नाही अशा ‘क’ गटातल्या पदवीधरांच्या जागांसाठीही पात्र धरला जातो. संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वसन महासंचालनालय सेवेच्या अखेरच्या काळात अभ्यासक्रम चालवते. जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालये आहेत. तरीही राखीव जागा पूर्ण भरत नाहीत, ही जुनीच तक्रार आहे. परीक्षा हे एक कारण. दुसरे कारण अर्जातल्या एका रकान्यात दडलेले आहे: ‘कामाचा अनुभव’.

या रकान्यात आपला माणूस लिहितो, ‘१७ वर्षे, जनरल ड्यूटी’. वाचणाऱ्याला काय कळणार? बंदूक चालवली असेल, पहारा दिला असेल. झाले, पहाऱ्याची नोकरी. आता कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार घ्या. शंभर-सव्वाशे माणसांचे कपडे, अंथरूण-पांघरूण, तंबू, भांडीकुंडी, शिधा यांचा ताबा त्याच्याकडे असतो. माल मोजून घेणे, वहीत चढवणे, वाटप करणे, तूट निघाली तर जाब देणे, तपासणीला सगळे हजर ठेवणे, आणि हे कधी वाळवंटात तर कधी बर्फात. एखाद्या कारखान्याच्या भांडार व्यवस्थापकाचे काम याहून वेगळे काय असते? लांगरी म्हणजे शंभर पानांचा स्वयंपाक वेळेवर उठवणारा माणूस. सिग्नलवाला, वाहनांची देखभाल करणारा, नर्सिंग असिस्टंट, प्रत्येकाच्या कामाला नागरी जगात नाव आहे. ते नाव त्याला कुणी सांगितलेले नसते.

गंमत अशी की आपल्या भाषेत ही नावे पूर्वी होती. शिवकाळात गडावर हवालदार असे, सबनीस असे, कारखानीस असे. सबनीसाकडे हजेरी आणि हिशेब, कारखानीसाकडे दाणागोटा आणि सामान. सुभेदार मुलूख सांभाळी. हे शब्द लष्करी की मुलकी, असा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नसता. पुढे हवालदार आणि सुभेदार पलटणीत राहिले, सबनीस आणि कारखानीस आडनावे होऊन पांढरपेशा वस्तीत आले. आज क्वार्टर मास्टर हवालदार जे करतो ते कारखानिसाचेच काम आहे. शब्दांची ताटातूट झाली आणि कामांची ओळखही तुटली.

एकोणिसाव्या शतकातली दोन उदाहरणे सांगतो. गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त झाले आणि दोन वर्षांत त्यांचे ‘विटाळ विध्वंसन’ प्रसिद्ध झाले. अस्पृश्यतेवर प्रश्नांमागून प्रश्न विचारणारे हे लेखन पेन्शनीत निघालेल्या एका सैनिकाचे आहे. दुसरे रामजी सकपाळ. इंदूरजवळच्या महूला ते लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, तिथेच १८९१ साली भीमरावांचा जन्म झाला. पेन्शनीनंतर ते दापोलीला आले आणि पुढे साताऱ्याला बांधकाम खात्यात भांडारपालाची नोकरी केली. पलटणीच्या शाळांनी त्या पिढीला लिहिता-वाचता केले, म्हणून पेन्शनीनंतर तिच्या हाती लेखणी होती. सैन्यभरतीचे दार महारांना बंद झाले तेव्हा अर्ज-विनंत्या लिहिणारे याच पिढीतले होते. बाहेर पडलेल्या सैनिकाला शब्द मिळाले तर तो आपल्यापुरती नोकरी मिळवून थांबत नाही, हे यातून दिसते.

आपल्या भागात आणखी एक पेच आहे. आपला सैनिक मराठी शाळेत शिकला, पलटणीत हिंदी बोलला आणि परत आला तेव्हा तलाठ्यापासून तालुका कचेरीपर्यंतचा कागद कन्नडमध्ये. सीमेच्या वादात मी आज शिरत नाही. ज्याने सतरा वर्षे काश्मीरपासून नागालँडपर्यंत नोकरी केली, त्याला आपल्याच तालुक्यातले पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते, एवढेच नोंदवतो. त्याने कन्नड शिकावे, जरूर शिकावे. शिकवायला आपणच पुढे झालो तर त्यात मराठीचे काही कमी होणार नाही.

आणि एक भाषा अशी आहे की ती कुठल्याच लिपीत नाही. पलटणीत हुकूम स्पष्ट असतो: काय, कुठे, किती वाजता. कचेरीत ‘बघू’ म्हणजे बहुधा नाही, ‘करू की’ म्हणजे आज नाही आणि ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ म्हणजे उद्या या. पंचविशीतला वरिष्ठ एकेरीत बोलतो, सहकारी दहाच्या कामाला अकराला येतो आणि हा माणूस आतल्या आत तडकतो. वर्षभरात नोकरी सोडणारे पुष्कळजण पगारासाठी नव्हे, या न कळलेल्या भाषेपायी सोडतात.

ही भाषा त्याच्या घरात एका व्यक्तीला उत्तम येते. ती म्हणजे त्याची बायको. तो सीमेवर होता तेव्हा रेशनकार्ड, बँक, शाळेचा दाखला, सासऱ्यांचे आजारपण, शेताची वाटणी तिनेच निभावली. कुठल्या टेबलावर कधी जायचे, कुणाशी कसे बोलायचे, हे तिला पाठ आहे. तो परत आला की आपण सारे तिच्या हातातून कारभार काढून त्याच्या हाती देतो. खरे तर त्याने वर्षभर तिच्या हाताखाली उमेदवारी करावी.

हा प्रश्न आता तातडीचा होतो आहे. अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली आणि पहिल्या तुकड्यांचे प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले. मुदत चार वर्षे. त्यांतले पंचवीस टक्क्यांपर्यंत पुढे राहणार, बाकीचे सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी घेऊन घरी येणार, पेन्शनशिवाय. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत त्यांच्यासाठी राखीव जागा जाहीर झाल्या आहेत, पण सगळे त्यात मावणार नाहीत. योजनेच्या बऱ्यावाईटावर मते वेगळी असू शकतात. एकविशी-पंचविशीतली मुले गावात परत येणार, याविषयी दुमत नाही. चाळिशीचा सैनिक पेन्शनच्या आधाराने चुकतमाकत शिकत होता. या मुलांना तेवढी उसंत नाही.

म्हणून संस्थेकडे माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, पलटणीतल्या कामांची नागरी नावे सांगणारी एक छोटी मराठी पुस्तिका काढावी. कोशकारांनी आणि माजी सुभेदारांनी एका टेबलाशी बसून ती करावी. दुसरी, वाचनालयातली आठवड्याची एक संध्याकाळ अर्ज लिहिणे, मुलाखतीचा सराव आणि कन्नड कागद वाचणे यांसाठी द्यावी. सैनिकांबरोबर त्यांच्या पत्नींनाही बोलवावे. तिसरी, या माणसांना लिहिते करावे. सेनापतींची आत्मचरित्रे निघतात. हवालदाराने आणि लांगऱ्याने काय पाहिले, ते आपल्या वाङ्मयात जवळजवळ आलेले नाही.

तीन मागण्यांत पैशांची मागणी एकही नाही, हे खजिनदारांच्या लक्षात आले असेलच. लागणार आहे तो वेळ आणि आपल्याला जे येते ते, म्हणजे शब्द. पहिली संध्याकाळ कोणत्या वारी ठेवायची, एवढे आज घरी जाण्यापूर्वी ठरवू या.