मद्यप्राशन करून वाहन चालविल्यास : अटकेपासून निकालापर्यंत



गावात कोणास समन्स आले, कोणास बांधाच्या वादाची नोटीस आली, की तो कागद वाचून घेण्यास माणूस गुरुजींकडे येतो. शिराळा तालुक्याच्या वाड्यावस्त्यांवर ही रीत अद्याप मोडलेली नाही. अशाच एखाद्या रात्री दारावर थाप पडते आणि कोणी बाप सांगू लागतो, "गुरुजी, पोराला दारू पिऊन गाडी चालवताना धरलंय." गावात यावर दोन उत्तरे तयार असतात. एक, "नाक्यावरच पैसे भरून मिटवा", दुसरे, "आता पोराचं आयुष्य गेलं." कायद्याच्या दृष्टीने ही दोन्ही उत्तरे चुकीची होत.

समजा, पेठ नाक्याकडून शिराळ्यास येणाऱ्या एका मोटारसायकलस्वारास पोलिसांनी थांबविले. वाजवी संशय असल्यास गणवेशातील पोलीस त्यास श्वासपरीक्षणाच्या यंत्रात फुंकण्यास सांगू शकतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ अन्वये १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळणे हा गुन्हा आहे. म्हणजे एक लिटर रक्तात अवघा ०.३ ग्रॅम! "मला चढलेली नव्हती" हा बचाव येथे उपयोगी पडत नाही, कारण कायदा तोल विचारीत नाही, प्रमाण विचारतो. यंत्रात मद्यार्क दिसला, अथवा संशय असताना त्याने फुंकण्यास नकार दिला, तर वॉरंटावाचून अटक करता येते. नकार देऊन सुटका होते हा समज खोटा आहे; सबळ कारणावाचून दिलेला नकार पुढे त्याच्याच विरुद्ध पुराव्यास बळ देतो.

येथून घड्याळाचे महत्त्व सुरू होते. या गुन्ह्यात अटक झालेल्याची दोन तासांच्या आत नोंदणीकृत वैद्यकाकडून तपासणी झाली पाहिजे. न झाल्यास त्यास कोठडीतून मुक्त करावे लागते. मात्र मुक्त झाला म्हणजे खटला संपला, असे नव्हे. रक्ताचा नमुना वैद्यकानेच घ्यावयाचा असतो. अटक स्त्रीची असेल व वैद्यक पुरुष असेल, तर नमुना दुसऱ्या स्त्रीच्या उपस्थितीतच घेतला पाहिजे. रस्त्यात उभ्या राहिलेल्या वाहनाची तात्पुरती व्यवस्था लावणे हेही पोलिसांचेच काम आहे.

या तपासणीवर एवढा भर का? १९७१ साली महाराष्ट्रातीलच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की तोंडास वास येणे, चाल डळमळणे, बोलणे असंबद्ध असणे, बाहुल्या विस्फारणे एवढ्यावरून मद्यप्राशन सिद्ध होत नाही; त्यासाठी रक्ताची वा लघवीची तपासणी हवी. हा नियम पिणाऱ्याची पाठराखण करण्यासाठी नाही. मधुमेही माणूस साखर उतरल्यामुळे झोकांड्या खाऊ शकतो. तो आणि मद्यपी यांतील भेद डोळ्यांनी ओळखता येतोच असे नाही, म्हणून मोजमाप हवे.

दुसरे घड्याळ चोवीस तासांचे. प्रवासाचा काळ वगळून इतक्या अवधीत अटकेतील व्यक्तीस न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले पाहिजे, अशी हमी संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदाने दिली आहे. तथापि बहुधा तितकी वेळ येत नाही. हा गुन्हा जामीनपात्र आहे; योग्य हमी दिल्यावर पोलीस ठाण्यातूनच सुटका होते, आणि ती उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून. अटकेचे कारण सांगणे व आप्तास कळविणे हेही पोलिसांवर बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही हे हक्क कायम आहेत. तेव्हा बापाने ठाण्यात गयावया करण्याचे कारण नाही, आरडाओरड करण्याचेही नाही. हमीदार व ओळखीची कागदपत्रे बरोबर न्यावीत.

आता नाक्यावर मिटविण्याची गोष्ट. वाहतुकीचे पुष्कळ गुन्हे जागीच तडजोड शुल्क भरून मिटतात; परंतु कलम १८५ तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या यादीत नाही. येथे दंड ठरविणे हे न्यायालयाचे काम आहे. म्हणून जो कोणी रस्त्यावर दंड म्हणून रोख रक्कम मागेल, तो दंड घेत नसून दुसरेच काही घेत आहे. शिराळ्यास न्यायदंडाधिकाऱ्यांचे न्यायालय आहे. तारीख तेथे पडेल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा १०,००० रुपये दंड, अथवा दोन्ही. पुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, अथवा १५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही. अनुज्ञप्ती जप्त होऊन परिवहन कार्यालयाकडे जाते, ते निराळेच.

न्यायालयात गर्दीत कोणी कानात सांगतो, "कबूल म्हण, लवकर सुटशील." गुन्हा खरोखर घडला असेल तर कबुली देण्यात गैर नाही, पण कबुली म्हणजे दोषसिद्धी, आणि दुसऱ्या वेळच्या शिक्षेचा हिशेब तेथूनच सुरू होतो. शिवाय कबुलीनंतर शिक्षेचे प्रमाण व वैधता एवढ्यापुरतेच अपील उरते. हे समजून मगच तोंड उघडावे.

माणूस दगावला तर मात्र सारेच बदलते. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर एका मोटारीने पदपथावर झोपलेल्या मजुरांना चिरडले. सात जण मेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात मद्यार्क आढळला. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणा मानून सहा महिन्यांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने २००७ साली हा सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षांची शिक्षा केली व सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०१२ रोजी ती कायम ठेवली. सात मृत्यूंना तीन वर्षे ही शिक्षा थोडी वाटते, आणि सर्वोच्च न्यायालयानेही ती अपुरीच मानली. परंतु शिक्षा वाढविण्यासाठी शासनाने अपील केलेले नव्हते.

ज्याला वकील परवडत नाही, त्याच्यासाठी विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. अर्ज तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे करावयाचा असतो. रात्री आलेल्या बापाजवळ कागद नसेल, तर वहीचे एक पान फाडून देण्यास हरकत नाही; वर अटकेची वेळ मात्र प्रथम लिहून घ्यावी.