खाट म्हणजे बेड नव्हे

उपनगरांतल्या माझ्या डॉक्टर मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षाने थोडक्यात बोलावे हा संकेत मी पाळणार आहे, कारण तुमच्यापैकी निम्म्यांना संध्याकाळची ओपीडी आहे.

एप्रिल २०२१, कोविडची साथ. रात्री दोनला एका छोट्या नर्सिंग होममधून मला फोन आला. "सर, बेड आहे, पण सिलिंडर पहाटेपर्यंतच पुरेल. पेशंट पाठवू नका." आणि पेशंटचा मुलगा माझ्यासमोर, घाटकोपरच्या दवाखान्याच्या पायरीवर बसलेला. "बेड आहे म्हणाले ना?" हे त्याने तीनदा विचारले. काय सांगणार?

तेव्हा आपण सगळेच सिलिंडरचे हिशेब शिकलो. जंबो सिलिंडरमध्ये साधारण ७००० लिटर ऑक्सिजन. मिनिटाला १० लिटर चालू असेल तर तो जवळपास बारा तास पुरतो. तोच पेशंट हाय फ्लोवर, मिनिटाला ६० लिटरवर गेला की दोन तासही नाही. खाट तीच, चादर तीच. १६-१७ एप्रिलच्या रात्री मुंबई महापालिकेने सहा रुग्णालयांतले १६८ रुग्ण हलवले, तेही खाटा कमी पडल्या म्हणून नव्हे. ऑक्सिजन संपत आला होता म्हणून.

पालिकेला श्रेय द्यायलाच हवे. जून २०२० मध्ये बेडवाटप १९१६ या एकाच हेल्पलाइन नंबरवरून काढून २४ वॉर्डांच्या वॉर रूमकडे दिले, तेव्हापासून निदान आपल्या वॉर्डातल्या माणसाशी बोलता येऊ लागले. गोरेगावचे नेस्को, दहिसर, मुलुंड इथली तात्पुरती जंबो कोविड केंद्रे उभी राहिली. बंद पडलेले मरोळचे सेव्हन हिल्स कामाला लागले. पण मंडप तो मंडपच. आज नेस्कोत प्रदर्शने भरतात, नवरात्रात गरबा रंगतो. त्यात गैर काही नाही. जागा त्यासाठीच आहे.

मला खटकते ते वेगळेच. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात सुमारे ३१ लाख माणसे होती, उपनगर जिल्ह्यात ९३ लाखांहून अधिक. आणि पालिकेची मोठी शिकवणारी रुग्णालये? केईएम परळला, नायर मुंबई सेंट्रलला, सायन शहराच्या वेशीवर. आपल्या वाट्याला एकटे कूपर, तिथेही वैद्यकीय महाविद्यालय आले २०१५ मध्ये. मुलुंडचा अत्यवस्थ पेशंट कोविडच्या आधीही 'खाली' केईएमलाच जायचा. साथीने हे घडवले नाही, फक्त उघडे पाडले. निवासी डॉक्टर आणि तयार सिस्टर जिथे शिकतात तिथेच रात्री तीनला हाताशी असतात. व्हेंटिलेटर विकत मिळतो, तो चालवणारी सिस्टर आठवड्यात घडत नाही. आपल्या नर्सिंग होममध्ये तिला काय पगार देतो, हा प्रश्न या सभागृहात विचारला की सगळे घड्याळ बघू लागतात. आत्ताही बघताय.

तेव्हा आज आपल्यासमोर असलेल्या ठरावाच्या मसुद्यात 'खाटा वाढवा' असे लिहिले आहे, ते वाक्य काढून टाकावे ही माझी विनंती आहे. त्या जागी दोन मागण्या घाला: पूर्व उपनगरांत पालिकेचे वैद्यकीय महाविद्यालय, आणि प्रत्येक परवानाधारक रुग्णालयाने बेडची संख्या सांगताना रात्रपाळीच्या सिस्टरची संख्या आणि ऑक्सिजनचा साठाही दारावर लिहावा. दुसरी मागणी आपल्याच अंगावर येणार आहे. तरीही हात वर करा.