गिरणगांवच्या जमिनीचें मोल

परभणीहून परळी वैजनाथकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पोखर्णी नृसिंह नांवाचें एक लहानसें स्थानक लागतें. नृसिंहाच्या दर्शनाला येणारे भाविक तेथें उतरतात, आणि गांवांतील तरुण मंडळी पोटासाठीं पुण्या-मुंबईची वाट धरतात. भोंवतालची जमीन काळी, कापसाची. हा मुलूख हैदराबाद संस्थानांत मोडत असे त्या काळीं परभणी-नांदेडकडील गावरानी कापूस मुंबईच्या बाजारांत नांवाजलेला होता. तेव्हां पोखर्णीच्या शिवाराचा आणि मुंबईच्या गिरण्यांचा संबंध नव्यानें जोडावयास नको. तो कापसाच्या गांठींनीं पूर्वींच जोडलेला आहे. त्या गिरण्या आतां राहिल्या नाहींत. त्यांच्या जागीं श्रीमंती दुकानें आणि गगनाला भिडणारे वाडे उभे आहेत. हें कसें घडलें, आणि त्यांतून लहान गांवांनींहि काय शिकावें, हा या भाषणाचा विषय आहे.

मुंबईंतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं योजिली आणि १८५६ सालीं ताडदेव येथें ती चालूं लागली. पुढें ताडदेव, भायखळा, लालबाग, परळ, वरळी या भागांत गिरण्यांची इतकी दाटी झाली कीं, त्या साऱ्या टापूला लोक गिरणगांव म्हणूं लागले. कोंकणांतून, साताऱ्या-कोल्हापूरकडून आणि देशाच्या इतर भागांतून माणसें आलीं. त्यांच्यासाठीं चाळी उभ्या राहिल्या. १९२० नंतरच्या पांचसहा वर्षांत सरकारच्या विकास खात्यानेंहि वरळी, नायगांव, शिवडी व डिलाईल रस्ता येथें दोनशेंच्या सुमारास चाळी बांधल्या. बी. डी. डी. चाळी म्हणून प्रसिद्ध असलेल्या त्या याच. त्यांतील एकेक खोली अवघी १६० चौरस फुटांची.

या कामगारांचें जीवन सुखाचें होतें असें मात्र कोणी समजूं नये. कापसाच्या तंतूंनीं भरलेली हवा छातींत जाऊन फुप्फुसें बिघडत. बदली कामगारास रोज गिरणीच्या दारांत उभें राहून आज काम मिळतें कीं नाहीं याची वाट पाहावी लागे. एकेका खोलींत दहा-दहा, पंधरा-पंधरा माणसें पाळीपाळीनें निजत. दिवसपाळीचा मनुष्य उठून गेला कीं रात्रपाळीचा मनुष्य त्याच जागेवर आपली वळकटी पसरी. परंतु त्याच दाटींतून एक समाज उभा राहिला. गांवकीच्या खोल्या, भजनी मंडळें, व्यायामशाळा, शाहिरांचे फड आणि कामगारांची नाटकें यांनीं तो भाग गजबजलेला असे. लालबागच्या राजाचा गणेशोत्सव १९३४ सालीं सुरू झाला तो याच वस्तींत. एकट्या राहणाऱ्या पुरुषांना जेवूं घालून संसार चालविणाऱ्या खानावळवाल्या बायका येथल्याच. त्यांच्यासाठीं प्रेमाताई पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलें. गिरणीच्या भोंग्यावर केवळ गिरणीच चालत नसे. खानावळ, वाणी, न्हावी, शिंपी, फुलवाला, सर्वांची घड्याळें त्याच भोंग्यावर लावलेलीं असत.

१८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप सुरू झाला. साठांच्या आसपास गिरण्या आणि सुमारें अडीच लक्ष कामगार त्यांत सांपडले. तो संप रीतसर मागें घेतला असें कधींच जाहीर झालें नाहीं; तो विरून गेला. कित्येक गिरण्या पुन्हां उघडल्याच नाहींत. ज्या उघडल्या त्यांनीं थोडीच माणसें परत घेतलीं. सारा दोष संपाच्या माथीं मारणें हें मात्र न्यायाचें नव्हे. यंत्रें जुनीं झालीं होतीं, भिवंडी-मालेगांवचे यंत्रमाग स्वस्त कापड विणीत होते, आणि मुख्य गोष्ट अशी कीं, गिरणीपेक्षां गिरणीखालची जमीन अधिक मोलाची होऊन बसली होती. शहराच्या ऐन मध्यभागीं सुमारें सहाशें एकर भूमि! जो धंदा त्या भूमीवर चालत होता त्यापेक्षां तो धंदा बंद पडण्यांतच अधिक लाभ दिसूं लागला.

येथें खऱ्या विषयास प्रारंभ होतो. गिरणीची जमीन वाटेल त्या कामास लावतां येत नसे. त्यास सरकारची अनुज्ञा लागे. १९९१ सालीं मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलींत अठ्ठावन्नावा नियम आला. त्याचा आशय असा कीं, गिरणीच्या जमिनीचा नवा उपयोग करावयाचा तर तिचे स्थूलमानानें तीन वांटे करावेत: एक महानगरपालिकेस बागा व मैदानांसाठीं, एक म्हाडास सामान्य लोकांच्या घरांसाठीं, आणि एक मालकास. मात्र उभ्या इमारती न पाडतां त्यांचाच दुसरा उपयोग करण्यास त्याच नियमांत वाट ठेवलेली होती, आणि त्या वाटेनें कांहीं मालक गेले. १९९६ सालीं ख्यातनाम वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें, एकेका गिरणीचा तुटक विचार न करतां जमिनी एकत्र धरून रस्ते, मोकळ्या जागा व घरें यांची आंखणी करावी, असें सुचविलें. ती सूचना कागदावरच राहिली.

पुढें २००१ सालीं नियमांत दुरुस्ती झाली. वरवर पाहतां ती किरकोळ दिसते. पूर्वीं सबंध जमिनीचे वांटे व्हावयाचे होते. आतां फक्त मोकळ्या जमिनीचे व्हावयाचे ठरले. या एका शब्दानें काय झालें तें शाळेंतल्या साध्या हिशेबानें समजेल. बारा एकरांची एक गिरणी कल्पावी. तिच्या नऊ एकरांवर इमारती आहेत आणि तीन एकर मोकळी आहे. जुन्या नियमाप्रमाणें चार एकर मैदानांस, चार एकर घरांस आणि चार एकर मालकास मिळावयास हवी होती. नव्या नियमाप्रमाणें तीन एकरांचेच तीन वांटे झाले. मैदानांस एक एकर, घरांस एक एकर, आणि उरलेली दहा एकर मालकाकडे. जमीन तीच, गिरणी तीच. शब्द तेवढा बदलला. या दुरुस्तीविरुद्ध पर्यावरणवादी मंडळी मुंबईच्या उच्च न्यायालयांत गेलीं आणि ऑक्टोबर २००५ मध्यें त्यांच्या बाजूनें निकालहि लागला. परंतु मार्च २००६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो फिरविला आणि २००१ चा नियम कायम झाला.

मग बांधकामांना ऊत आला. लोअर परळची फिनिक्स गिरणी १९०५ सालीं स्थापन झालेली. फिनिक्स हा पाश्चात्य पुराणांतील पक्षी. तो आपल्याच राखेंतून पुन्हां जन्म घेतो अशी कथा आहे. गिरणीच्या आवारांत प्रथम करमणुकीच्या जागा आणि दुकानें आलीं. २००९ सालीं पॅलेडियम नांवाचें भारी विलायती मालाचें दुकानसंकुल उघडलें. जुनें धुराडें तेवढें शोभेसाठीं उभें राहिलें. श्रीनिवास गिरणीच्या जागेवर मुंबईंतील अत्युच्च निवासी मनोऱ्यांपैकीं एक उभा आहे. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या ताब्यांतील मुंबई टेक्स्टाईल मिलची सुमारें सतरा एकर जमीन २००५ सालीं ७०२ कोटी रुपयांस विकली गेली. तीच जमीन २०१२ सालीं दुसऱ्या बांधकाम व्यावसायिकाच्या हातीं गेली तेव्हां किंमत २,७२७ कोटींच्या घरांत होती. सात वर्षांत जवळजवळ चौपट! त्या सात वर्षांत त्या भूमीवर एक वार कापडहि विणलें गेलें नव्हतें.

दुकानें वाईट, असें म्हणण्याचा येथें हेतु नाहीं. बाजार हा नगराचा प्राण होय. या दुकानांत व कचेऱ्यांत हजारों लोक काम करतात. विक्रेते, पहारेकरी, झाडलोट करणारे, खाद्यपदार्थ पोंचविणारे यांची चूल त्यावरच पेटते. परंतु गिरणींतील कायम कामगारास भविष्यनिर्वाह निधि, उपदान आणि संघटनेचें बळ होतें. आज त्याचा मुलगा त्याच जागीं कंत्राटदाराचा पहारेकरी म्हणून उभा राहिला तर त्यास त्यांतलें काय मिळतें, हा प्रश्न विचारणें प्राप्त आहे.

दुसरी गोष्ट अशी कीं, वस्ती बदलली तरी तिच्या वाटा जुन्याच राहिल्या. एकेकाळीं गिरणीकामगार चाळींतून पायीं गिरणींत जात. आतां दूरच्या उपनगरांतून लाखों लोक आगगाडीनें तेथील कचेऱ्यांत येऊं लागले. २९ सप्टेंबर २०१७ रोजीं पावसाच्या सरींत एल्फिन्स्टन रोड व परळ या स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन तेवीस माणसें मेलीं. नंतर सैन्याकडून तेथें नवा पूल बांधविला गेला. त्याच वर्षीं २९ डिसेंबरच्या रात्रीं कमला मिलच्या आवारांतील उपाहारगृहांस आग लागून चौदा जण दगावले. मनोरे झपाट्यानें वाढले; रस्ते, पूल आणि सुटकेच्या वाटा मागेंच राहिल्या. सबंध टापूची एकत्र आंखणी करा असें सांगणाऱ्या समितीचा सल्ला न ऐकल्याचा हा परिणाम नव्हे, असें कोण म्हणेल?

आतां घरांची कथा. गिरणीकामगारांस व त्यांच्या वारसांस घरें देण्याचें ठरलें. अर्ज आले दीड लक्षांच्या घरांत. २०१२ सालीं म्हाडानें ६,९२५ घरांची पहिली सोडत काढली. १ मार्च २०२० रोजीं आणखी ३,८९४ घरांची निघाली. तीं घरें २२५ चौरस फुटांचीं, आणि किंमत साडेनऊ लक्ष रुपये. मागणी व पुरवठा यांचें व्यस्त प्रमाण ध्यानीं यावयास याहून अधिक आंकडे नकोत. पुढें कर्जतच्या लोहमार्गावर शेलू आणि वांगणी येथें घरें देऊं केलीं, तेव्हां कामगार व वारस म्हणाले, "आमचा घाम मुंबईंत गळला, घरहि मुंबईंतच द्या." हा हट्ट नव्हे. ज्याचे हातपाय थकले आहेत त्याला रुग्णालय जवळ लागतें, ओळखीचीं माणसें जवळ लागतात, आणि त्याच्या मुलास कामधंदा जवळ लागतो.

याच शहरांत दुसरेंहि उदाहरण आहे. वरळीच्या बी. डी. डी. चाळींत १६० चौरस फुटांच्या खोल्यांत राहणाऱ्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजीं त्याच वस्तींत, मालकी हक्कानें, ५०० चौरस फुटांचीं घरें मिळालीं. या कामास वर्षानुवर्षें लागलीं, आणि उंच इमारतींचा देखभालीचा खर्च त्या कुटुंबांस कसा पेलेल हा प्रश्न आहेच. तथापि एक गोष्ट सिद्ध झाली. जमीन महाग झाली म्हणून जुन्या रहिवाशांना हुसकून लावलेंच पाहिजे असा कांहीं सृष्टीचा नियम नाहीं. वाढलेल्या मोलांतून त्यांचा वांटा काढून ठेवतां येतो. फक्त तो आरंभींच ठरवावा लागतो.

परदेशांतहि हेंच चाललें आहे. पोलंडमधील वुत्श हें कापडगिरण्यांचें शहर. तेथील एका प्रचंड गिरणींत २००६ सालीं दुकानसंकुल उघडलें. लंडनमधील बॅटरसीचें वीजघर १९८३ सालीं बंद पडलें आणि २०२२ सालीं दुकानें व घरें घेऊन पुन्हां उघडलें. म्हणजे कारखाना जाऊन बाजार येणें हा काळाचा ओघ आहे. ओघ थांबवितां येत नाहीं. पण पाट कोणत्या शेताकडे न्यावयाचा तें माणसाच्या हातीं असतें.

पोखर्णीच्या माणसानें हें सारें कशासाठीं ऐकावें, असें कोणी विचारील. उत्तर जवळच आहे. परभणीस २०११ सालीं महानगरपालिका झाली. जालना-नांदेड द्रुतगती मार्गाच्या निमित्तानें जिल्ह्यांत भूसंपादनाचा प्रश्न आला. जेथें रस्ता येतो तेथें भाव चढतात, आणि जेथें भाव चढतात तेथें आधीं जाणते येतात, मग धनको येतात, आणि सर्वांच्या शेवटीं गांवकऱ्याला कळतें. तीर्थक्षेत्राच्या गांवीं तर यात्रेकरूंसाठीं म्हणून जागांची मागणी वाढतच असते. भाव चढला हें वाईट नव्हे. परंतु तो चढला कोणाच्या पैशानें? रस्ता सार्वजनिक, देवस्थान सार्वजनिक, पाणी सार्वजनिक. मग वाढलेल्या मोलाचा कांहीं भाग शाळेच्या मैदानास, गायरानास, गोरगरिबांच्या घरांस जावा, ही भीक नव्हे. तो हिशेब आहे.

यासाठीं मोर्चाच काढावा लागतो असें नाहीं. विकास योजनेचा आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हां ठरलेल्या मुदतींत हरकती व सूचना देण्याचा अधिकार १९६६ च्या नगररचना कायद्यानें प्रत्येक नागरिकास दिला आहे. ग्रामसभेंत ठराव वाचून दाखवा म्हणण्याचा अधिकार प्रत्येक मतदारास आहे. ठराव वाचतांना मोठे शब्द कोणीहि वाचतो. लहान शब्द वाचावयास शिकलें पाहिजे. गिरणगांवचीं मैदानें आणि घरें कोणी दरोडा घालून नेलीं नाहींत. तीं ‘मोकळी’ या एका शब्दाच्या फटींतून गेलीं, आणि तो शब्द नियमांत आला तेव्हां ज्यांचें जावयाचें होतें त्यांच्यापैकीं फारच थोड्यांनीं तो वाचला होता.