उपचार बदलताना



मी खारघरला राहतो. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झालो आणि दुसऱ्याच वर्षी मानेत एक गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून मी दोन महिने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. बायॉप्सीचा अहवाल आला तेव्हा डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. त्यातला लिम्फोमा एवढाच शब्द ध्यानात राहिला. रक्तातल्या बी-पेशी बिघडून लसिका ग्रंथींमध्ये वाढत जाणारा हा कर्करोग.

पहिल्या उपचाराच्या सहा फेऱ्या झाल्या, दर एकवीस दिवसांनी एक. केस गेले, तोंडाची चव गेली, पण गाठी विरघळल्या. आम्ही सोसायटीत पेढे वाटले. आठ महिन्यांनी पोटात नव्या गाठी दिसल्या. मग दुसरी, अधिक कडक औषधं. त्यांनी गाठी पुरेशा कमी झाल्या असत्या, तर माझ्याच मूळपेशींचं प्रत्यारोपण करायचं ठरलं होतं. तेवढ्या त्या झाल्या नाहीत. स्कॅन बघून डॉक्टर म्हणाले, "सर, आजार पुढे सरकलाय. आता उपचार बदलायला हवा."

हे वाक्य ऐकायला सोपं वाटतं. ज्याला ऐकावं लागतं त्याला मात्र पायाखालची जमीन सरकल्यासारखं होतं. उपचार चालू असतो तोवर रोजचा एक क्रम असतो. ठरलेली तारीख, ठरलेली खाट, ओळखीची सिस्टर. तो क्रम एकदम संपतो. घरी येणारे लोक हळू आवाजात बोलू लागतात. कुणी गव्हांकुराचा रस सुचवतं, कुणी कुठल्याशा वैद्याचा पत्ता आणून देतं. त्यांची माया खरी असते, म्हणून मी पत्ते ठेवून घेतले. गेलो मात्र कुठे नाही.

डॉक्टरांनी जो नवा उपचार सुचवला त्याचं नाव कार-टी. आमच्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही संस्था आहे. तिच्या फाटकावरून मी कित्येक वर्षं ये-जा केली. आत काय चालतं याची मला कल्पना नव्हती. भारतात हा उपचार पहिल्यांदा दिला गेला तो तिथेच, ४ जून २०२१ रोजी. पवईची आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून तो देशात तयार केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला सरकारी मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत त्याचं लोकार्पण झालं.

सोप्या शब्दांत सांगतो. आपल्या रक्तात टी-पेशी असतात. त्यांचं काम पहारेकऱ्याचं. पण कर्करोगाची पेशी त्यांना ओळखू येत नाही, कारण ती घरचीच असते. या उपचारात रुग्णाच्या टी-पेशी काढून घेतात. प्रयोगशाळेत त्यांच्यात एक नवं जनुक घालतात, म्हणजे बी-पेशींवरची खूण त्यांना ओळखता येते. मग त्यांची संख्या वाढवून त्या परत रुग्णालाच देतात. हा उपचार सगळ्या कर्करोगांवर चालत नाही. बी-पेशींचे काही लिम्फोमा आणि ल्युकेमिया, तेही आधीचे उपचार थकल्यावर, एवढीच सध्या त्याची जागा आहे. स्तनाच्या किंवा फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांनी या भाषणावरून आशा बांधू नये, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

अमेरिकेत २०१७ साली असा पहिला उपचार बाजारात आला, तेव्हा त्याची किंमत पावणेपाच लाख डॉलर होती. आपल्याकडचा खर्च चाळीस लाखांच्या आसपास. तिकडच्या मानानं कमी, पण पेन्शनवर जगणाऱ्या मास्तराला चाळीस लाख म्हणजे काय? गावाकडे वडिलांची थोडी जमीन होती. ती मुलांसाठी ठेवायची असं माझं ठरलेलं. मी डॉक्टरांना विचारलं, "शंभरात किती जणांना गुण येतो?" त्यांनी भारतातल्याच चाचणीचे आकडे सांगितले. सुमारे त्र्याहत्तर टक्के रुग्णांमध्ये आजार कमी झाला किंवा दिसेनासा झाला, पण त्यातल्या काहींमध्ये तो काही महिन्यांत परतलाही. शेकडेवारी मी जन्मभर शिकवली. त्या शंभरात आपण कितवे, हे मात्र कुठलंच गणित सांगत नाही.

मी नको म्हणालो. पासष्टाव्या वर्षी एवढा पैसा स्वतःवर घालणं मला पटेना. बायको दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अहो, जमीन मुलांसाठी ठेवायची म्हणता. मुलांना विचारलंत का?" मुलांना विचारलं. जमीन विकली.

पेशी काढायला काही तास लागले, तयार होऊन यायला काही आठवडे. आधी तीन दिवस केमो, मग ती छोटीशी पिशवी. अर्ध्या तासाच्या आत सगळं संपलं. तिसऱ्या दिवशी ताप चढला तो एकशे तीनवर. या उपचाराचा परिणाम कधी मेंदूवरही होतो, म्हणून रोज माझी परीक्षा घेत. एक वाक्य लिहायचं आणि शंभरापासून दहा-दहा कमी करत उलट मोजायचं. गणिताच्या मास्तराला! मी हसायचो. एका संध्याकाळी मात्र सत्तरच्या पुढे काही आठवेना. समोर बायको उभी होती. ती ओठ हलवून साठ सांगत होती, आणि मला ते कळत नव्हतं. आयुष्यात एवढी भीती मला कधी वाटली नव्हती. दोन दिवसांनी मी पुन्हा दहापर्यंत उतरलो.

महिन्याभरानं स्कॅन झालं. बहुतेक गाठी गेल्या आहेत. पोटात एक अंधूक ठिपका आहे. तो राख आहे की निखारा, ते पुढच्या स्कॅनमध्ये कळेल. म्हणून बरा झालो असं मी म्हणत नाही. सकाळी उत्सव चौकापर्यंत चालतो, संध्याकाळी सोसायटीतल्या दोन मुलांना अपूर्णांक शिकवतो.

ज्यांच्यावर उपचार बदलायची वेळ आली आहे त्यांना एवढंच सांगतो. डॉक्टरांना तीन गोष्टी स्पष्ट विचारा. हा उपचार आजार घालवण्यासाठी आहे की आवरण्यासाठी? तो लागू पडला नाही तर पुढे काय? आणि त्यात पैसे किती जातील, रुग्णालयात दिवस किती जातील? खर्चाबद्दल रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाला भेटायला लाजू नका. वेदना, मळमळ, झोप न लागणं यांवर वेगळे डॉक्टर असतात. त्यांच्याकडे जाणं म्हणजे शेवट जवळ आला असं नव्हे, त्यांची मदत पहिल्यापासून घ्यावी. आणि कुणी विचारपूर्वक आता उपचार पुरे म्हटलं, तर त्याला भित्रा म्हणू नका. मीही त्या उंबरठ्यावर उभा होतो.

पुढचं स्कॅन दोन महिन्यांनी आहे. तोवर अपूर्णांक संपवून दशांशाला हात घालायचा आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)